फेजची कॅप्सूल आणि कुळागरातली विहीर: पोटाच्या एका लांबलेल्या दुखण्याचा प्रकरण अभ्यास

फोंडा तालुक्यातले एक बागायतदार, वय चोपन्न. सुपारी, माड, मिरी, थोडी केळी असं जुनं कुळागर, घरात चार पिढ्या एकत्र. मागच्या पावसाळ्यात त्यांना जुलाब लागले. चार दिवसांत आवरले, पण पोट पूर्ववत झालं नाही. जानेवारीत माझ्याकडे आले तेव्हा वजन पाच किलोंनी उतरलं होतं. पोटात सतत गुडगुड, जेवल्यावर फुगारा, दिवसातून चार-पाचदा जावं लागे आणि शौचाला पातळ, तेलकट, उग्र वासाचं होई. रक्त नाही, ताप नाही. सोबत भाची होती, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी. तिने पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली: परदेशातून मागवलेल्या बॅक्टेरियोफेजच्या, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या, कॅप्सूल, 'आतड्याच्या आरोग्यासाठी'.

"डॉक्टर, ह्या घेऊ की नको तेवढं सांगा," त्यांनी थेट विचारलं. "ह्यांनी भागत नसेल तर फेजच्या उपचारासाठी जॉर्जियाला जाऊन यायचीही आमची तयारी आहे."

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला काही आठवडे लागले. ते कसं ठरत गेलं, ते इथे मांडतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. फेजवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. ज्या उपचाराला पुढे मोठं काम करायचं आहे, तो निदानाआधीच वापरून बदनाम होऊ नये.

आधीच्या चिठ्ठ्या

त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. सहा महिन्यांत ठिकठिकाणी दाखवून झालं होतं. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल या जंतुनाशक जोडगोळीचे कोर्स पुन्हा पुन्हा, एकदा रिफॅक्झिमिन, मधूनमधून प्रोबायोटिक आणि सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिड कमी करणारी गोळी कायमची. कोलोनोस्कोपी झाली होती, निर्दोष. शौचाची तपासणी एकदाच झालेली, तीही निर्दोष. शेवटच्या चिठ्ठीवर 'आयबीएस', म्हणजे आतड्यात दोष दिसत नसताना राहणाऱ्या पोटाच्या तक्रारी, असं लिहून विषय मिटवला होता.

चिठ्ठ्यांच्या तारखा आणि ते सांगत असलेली हकीकत शेजारी ठेवली तेव्हा एक गोष्ट दिसली. ऑर्निडाझोल असलेल्या प्रत्येक कोर्सनंतर दोन-तीन आठवडे ते चांगले होते, मग पुन्हा तेच. रिफॅक्झिमिनने काही फरक पडला नव्हता. वजन उतरणं ही तर धोक्याची खूण. ती असताना आयबीएस म्हणून थांबणं बरोबर नाही. रक्तातली साखर, थायरॉईड, सिलिॲक या गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आजारासाठी टीटीजी ही रक्ततपासणी आणि आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन हे सगळं करून घेतलं, सगळं ठीक आलं. आतड्याला जुनी सूज असण्याची शक्यता त्याने बरीच मागे पडली. शौचाचे तीन नमुने, एक दिवसाआड, ताजे आणून द्यायला सांगितले.

अहवाल यायचे होते तोवर कॅप्सूल थांबवून ठेवल्या. आणि मग त्या भाचीशी माझं जे बोलणं झालं, ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

फेज म्हणजे नेमकं काय करतो

फेज हा जिवाणूला लागणारा विषाणू. माणसाच्या पेशीला तो लागत नाही. ट्वॉर्टने १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये त्याची नोंद केली. देरेल यांनी तो आमांशाच्या रुग्णांच्या शौचातूनच वेगळा केला होता. त्याआधी १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो, असं लिहून ठेवलं होतं. तो गुण फेजचाच, असं पुढे अनेकांनी मानलं. देरेल स्वतः १९२७ मध्ये पटकीवर प्रयोग करायला हिंदुस्थानात आले होते. म्हणजे पोटाचा रोग आणि फेज यांचं नातं प्रतिजैविकांहून जुनं आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच देशातला आहे. पुढे पेनिसिलिन आलं आणि पश्चिमेत फेज मागे पडले. जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ मध्ये गिओर्गी एलियावा यांनी काढलेल्या संस्थेने मात्र ते काम सोडलं नाही. घरच्यांच्या डोक्यात होती ती हीच संस्था.

काम करण्याची रीत अशी. फेजच्या शेपटीच्या टोकाला तंतू असतात. जिवाणूच्या पृष्ठभागावरचा एखादा ठरावीक रेणू त्या तंतूंना जुळला, तरच फेज चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि जिवाणूची सगळी यंत्रणा आपल्या प्रती काढायला लावतो. टी-४ हा ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा फेज घ्या. अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आसपास जिवाणू फुटतो आणि शंभराच्या वर नवे फेज बाहेर पडतात. पण तो रेणू जुळायलाच हवा. एकाच जातीच्या ई. कोलायचे असंख्य प्रकार असतात, आणि एका प्रकाराला मारणारा फेज शेजारच्याला स्पर्शही करत नाही. प्रतिजैविक दिलं की चांगले-वाईट सरसकट झोडपले जातात. फेज एकालाच गाठतो. त्याचं सगळं मोठेपण यात आहे आणि सगळी अडचणही.

आतड्यात तर अडचण आणखी वाढते. पोटातल्या आम्लात बरेच फेज मरतात. पुढे गेलेच तर त्यांना आपला जिवाणू पुरेशा दाटीने भेटावा लागतो, नाही तर ते न वाढता तसेच बाहेर पडतात. हे अनुमान नाही. ढाक्यात जुलाबाच्या १२० लहान मुलांवर झालेली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हेच सांगते. ई. कोलायवरचे फेज तोंडावाटे दिले, मुलांना त्रास काही झाला नाही, फेज शौचातही सापडले. पण आतड्यात ते म्हणावे तसे वाढले नाहीत आणि मुलं इतरांपेक्षा लवकर बरी झाली नाहीत. मुलांच्या शौचात ई. कोलायचं प्रमाणच मुळात कमी होतं.

हे मी समजावून सांगत असताना रुग्ण ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे नारळ काढायला पाडेली आणला, पण माडावर नारळच नाहीत." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

भाचीने अमेरिकेतला २०१९ चा अभ्यास पुढे केला. पोटाच्या किरकोळ तक्रारी असलेल्या प्रौढांना २८ दिवस फेजचं मिश्रण दिलेला. तो मी वाचलेला होता. त्यातून कळतं ते इतकंच की असं मिश्रण घेणं सुरक्षित दिसलं, ई. कोलाय थोडे कमी झाले आणि बाकीचं जिवाणूविश्व जवळपास जागच्या जागी राहिलं. छोटा अभ्यास, निरोगी म्हणावेत अशी माणसं. पाच किलो वजन उतरलेल्या माणसाला त्याचा आधार देता येत नाही.

बाटलीवर काय लिहिलं होतं

बाटली फिरवून आम्ही दोघांनी वाचली. फेजचं मिश्रण, अमुक मिलिग्रॅम. एवढंच. फेज कधी मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत. किती कण जिवाणू फोडू शकतात ते मोजतात, त्याला 'प्लाक बनवणारे एकक' म्हणतात. तो आकडा बाटलीवर नव्हता. कोणत्या प्रकारच्या जिवाणूवर ते चालतात, तेही नव्हतं. त्याहून महत्त्वाचं, हे फेज फक्त जिवाणू फोडणारेच आहेत, त्याच्या जनुकांत मिसळून गप्प बसणारे नाहीत, याची हमी कुठेच नव्हती. गप्प बसणारे फेज धोक्याचे ठरू शकतात. पटकीच्या जंतूचं विष ज्या जनुकांमुळे बनतं ती एका फेजनेच आणून दिलेली आहेत, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. ई. कोलायचं शिगा विषही फेजबरोबरच फिरतं. म्हणून उपचारासाठी निवडलेल्या प्रत्येक फेजचा संपूर्ण जनुकक्रम वाचलेला असावा लागतो. भारतात आज फेज मान्यताप्राप्त औषध म्हणून दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे बाटलीत काय आहे याची विचारपूस करायला इथे कोणी बांधील नाही.

भाची हुशार. ती म्हणाली, "काका, मग आपण बघूनच घेऊया ना."

तिच्या कॉलेजातल्या बाईंनी परवानगी दिली. मामांच्या शौचाच्या नमुन्यातून ई. कोलायच्या काही वसाहती वेगळ्या काढल्या. पेट्रीडिशवर मऊ अगारमध्ये जिवाणू मिसळून पातळ थर ओतला. शेजारी दुसऱ्या डिशवर प्रयोगशाळेत वापरतात तो नेहमीचा ई. कोलाय. कॅप्सूल फोडून भुकटी द्रावणात विरघळवली, गाळून घेतली, आणि दोन्हींवर एकेक थेंब सोडला. रात्रभर ३७ अंशांवर.

सकाळी तिने फोटो पाठवले. प्रयोगशाळेच्या ई. कोलायच्या दुधाळ थरात, थेंब पडला त्या जागी, स्वच्छ पारदर्शक वर्तुळ. कडा नीट, आत एकही वसाहत नाही. म्हणजे कॅप्सूलमधले फेज जिवंत होते, आपलं काम चोख करत होते. मामांच्या ई. कोलायचा थर मात्र थेंबाखालीही तसाच, अखंड. तपासलेल्या एकाही वसाहतीला त्या फेजने हात लावला नव्हता.

ही घरगुती चाचणी आहे, थोड्या वसाहतींवरची. तिच्यावरून त्या कॅप्सूलबद्दल सर्वसाधारण निष्कर्ष काढता येणार नाही. पण प्रतिजैविक द्यायच्या आधी जशी कल्चर आणि संवेदनशीलता बघतात, तशीच ही फेजची संवेदनशीलता आहे, आणि फेज-उपचाराच्या जगात ही पहिली पायरी मानतात. बाटलीतून घेतलेल्या कॅप्सूलच्या बाबतीत हीच पायरी गाळली जाते. शिवाय मामांचा ई. कोलाय साधा, आतड्यात सगळ्यांच्याच असतो तसा होता. त्याला मारून तरी काय मिळवायचं होतं?

तिसरा नमुना

तीन नमुन्यांपैकी पहिल्या दोनांत काही नव्हतं. तिसऱ्यात जिआर्डियाच्या पुटी, म्हणजे त्याची कवचातली रूपं, दिसल्या.

जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी, जिवाणू नव्हे. लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो, चरबी पचू देत नाही. तेलकट, उग्र वासाची शौच आणि फुगारा ही त्याची ओळखीची लक्षणं. पुटी शौचात रोज पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर भरवसा ठेवायचा नसतो. १६८१ मध्ये लेव्हेनहूक यांनी स्वतःला जुलाब झाले असताना आपल्याच शौचात भिंगाखाली जे हलते जीव पाहिले, ते बहुधा हेच. फेजला फक्त जिवाणू कळतो. जगातला कोणताही फेज, कॅप्सूलमधला काय किंवा तिबिलिसीचा काय, जिआर्डियाचं काही करू शकत नाही.

औषधांच्या तारखांचं कोडंही सुटलं. ऑर्निडाझोल जिआर्डियावर चालतं, त्यामुळे प्रत्येक कोर्सनंतर बरं वाटत होतं. मग तो परत कुठून येत होता?

घरातल्या बाकीच्यांची विचारपूस केली. तीन वर्षांच्या नातवाचं वजन वाढत नव्हतं, अधूनमधून पातळ होई. 'दात येतायत' म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. त्याचा नमुना घेतला, मामांच्या आईचाही. नातवाच्या नमुन्यात जिआर्डिया होता. ऐंशीच्या आजींना काहीच तक्रार नव्हती, पण त्यांच्यातही होता. लक्षणांशिवाय जिआर्डिया बाळगणारी माणसं पुष्कळ असतात.

मी कुळागरात जाऊन विहीर पाहिली. घर उतारावर. वर्षभरापूर्वी वरच्या अंगाला नवी न्हाणी-शौचालय बांधलं, त्याचा शोषखड्डा विहिरीपासून पंधराएक पावलांवर, आणि विहिरीच्या वरच्या बाजूला. खालचा सगळा चिरा. जांभ्या दगडाला भोकं आणि भेगा असतात, त्यातून पाणी फारसं गाळलं न जाता झपाट्याने उतरतं. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात विहीर काठोकाठ भरते तेव्हा खड्डा आणि विहीर यांत अंतर उरत नाही. घरात पाणी उकळत होते, पण फक्त बाळासाठी, आणि तेही आठवण राहील तेव्हा. मामा बागेत काम करताना विहिरीवरच लोटा भरून पीत. "आमच्या विहिरीचं पाणी पिऊन आजोबा नव्वदीला गेले," हे मला तिथे उभं असतानाही ऐकवलं गेलं. आजोबांच्या वेळी तो खड्डा तिथे नव्हता.

हायड्रोजन सल्फाइडची चाचणी-बाटली विहिरीच्या पाण्याने भरून ठेवली. मातकट रंगाचं पाणी दुसऱ्या दिवशी काळं ठिक्कर झालं. विष्ठेतले जिवाणू असल्याची खूण.

भाचीने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला फार आवडली. तिने तेच पाणी बारीक गाळणीतून गाळलं, जिवाणू मागे राहतील आणि विषाणू पुढे जातील अशा, आणि ई. कोलायच्या थरात मिसळून डिश ठेवली. सकाळी थरभर बारीक पारदर्शक ठिपके. विहिरीत फेज होते. ज्या पाण्यात विष्ठा मिसळते तिथे ई. कोलायवर जगणारे फेज सापडतातच, म्हणून पाण्याच्या तपासणीत त्यांना प्रदूषणाचे दर्शक मानतात. युरोपीय संघाच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या २०२० च्या निर्देशातही त्यांचा समावेश आहे. घरच्यांना ती डिश दाखवली. जे विकत आणून प्यायचं चाललं होतं, त्यातलं काही ते रोज लोट्याने पीत होते, आणि त्याने कोणाचं पोट बरं झालं नव्हतं. निरोगी माणसाच्या एका ग्रॅम शौचातही साधारण शंभर कोटी विषाणूकण असतात, बहुतेक फेजच. आतडं फेजवाचून कधीच रिकामं नसतं. बाहेरून घालायचे तर कशासाठी, ते सांगता आलं पाहिजे.

उपचार आणि नंतर

तिघांना एकाच दिवशी टिनिडाझोल दिलं. मामा आणि आजींना दोन ग्रॅमचा एकच डोस जेवणानंतर, नातवाला वजनाप्रमाणे. त्या दरम्यान आणि नंतरचे तीन दिवस दारूचा थेंब नाही, हे मुद्दाम बजावलं, कारण उर्राकचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस जवळ आले होते आणि या औषधावर दारू घेतली तर ओकाऱ्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. अ‍ॅसिडची गोळी बंद केली; तिची गरज कधी होती तेच कळत नव्हतं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, पण नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला जिआर्डियाच्या पुटी दाद देत नाहीत, म्हणून पिण्याचं पाणी सगळ्यांसाठी, दर वेळी, खळखळून उकळायचं.

आठवड्यात शौच बांधून होऊ लागली. दुधाने मात्र पोट फुगे. जिआर्डियानंतर दूध पचवणारं विकर काही आठवडे, कधी महिने, कमी पडतं. दूध बंद केलं, ताक चाललं. उकड्या तांदळाची पेज, बांगड्याची आमटी हळूहळू परत आली. एप्रिलपर्यंत वजन तीन किलो भरलं. नातवाचा पाळणाघरातला डबा रिकामा येऊ लागला, असं त्याच्या आईने कळवलं.

पण सगळं गेलं असं लिहिणं खोटं होईल. काही सकाळी पोट अजून फुगतं, जेवल्याजेवल्या जावंसं वाटतं. यानंतरच्या नमुन्यांत जिआर्डिया नाही. हे अनपेक्षित नाही. नॉर्वेत बर्गन शहरात २००४ मध्ये नळाच्या पाण्यातून जिआर्डियाची मोठी साथ आली होती. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांना संसर्ग झाला होता त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांत आयबीएसची लक्षणं होती, इतरांत १४ टक्के. परजीवी गेल्यावरही आतडं बराच काळ हळवं राहतं. आता, इतकं सगळं तपासून झाल्यावर, 'संसर्गानंतरचा आयबीएस' हे शब्द मी त्यांच्या कागदावर लिहायला तयार आहे. कांदा-लसूण आणि पाव काही आठवडे कमी केल्याने फुगारा बराच घटला आहे.

भाचीने तेव्हा विचारलं, "काका, आता उरलेल्या तक्रारींसाठी तरी कॅप्सूल घ्यायला काय हरकत?"

"बाय, कोणत्या जिवाणूसाठी?" मी विचारलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. संसर्गानंतरच्या आयबीएसमध्ये दोषी म्हणून बोट दाखवता येईल असा एक जिवाणू आज कोणाच्या हाती नाही. तो सापडत नाही तोवर फेज कोणावर सोडायचा? जॉर्जियाचा बेतही याच कारणाने रद्द केला. तिथले लोकही आधी जिवाणू मागतात.

जिथे दोषी ठाऊक आहे तिथे माझं उत्तर वेगळं असतं. आतड्याच्या जुन्या सुजेशी जोडलेले क्लेब्सिएला न्युमोनिया या जिवाणूचे काही प्रकार शोधून त्यांच्यावर पाच फेजचं मिश्रण तयार केलं गेलं. २०२२ मध्ये त्याने उंदरांतली सूज कमी झाल्याचं दिसलं आणि निरोगी स्वयंसेवकांना ते सोसलं. जर्मनीत कील इथे २०१७ मध्ये, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गाच्या पाच रुग्णांना दात्याच्या शौचातून जिवाणू गाळून टाकलेलं द्रव दिलं, आणि ते सावरले. त्या द्रवात जे उरलं होतं त्यात फेज होते. त्यांच्यामुळेच गुण आला असं अजून म्हणता येत नाही, पण हे प्रश्न फार गंभीरपणे पुढे न्यायला हवेत. उद्या माझ्याकडे असा रुग्ण आला ज्याच्या आतड्यात कुठल्याच प्रतिजैविकाला न जुमानणारा, ओळख पटलेला एक जिवाणू आहे, तर त्याच्यासाठी जनुकक्रम वाचलेला, त्याच्याच जिवाणूवर तपासलेला फेज मिळवायला मी स्वतः धावपळ करेन.

बाटली बाईंच्या संमतीने भाचीच्या प्रयोगशाळेत गेली. विहिरीतल्या ठिपक्यांतून वेगळे केलेले फेज मामांच्या ई. कोलायवर चालतात का, हा तिने प्रबंधाचा विषय घ्यायचं ठरवलं आहे. शोषखड्डा बुजवून घराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब, नवा खणला. जुलैत, विहीर भरल्यावर, पाण्याची बाटली आणि तिघांचे तीन-तीन नमुने पुन्हा तपासायचे आहेत. त्यात जिआर्डिया परत दिसला तर नळजोडणी येईपर्यंत ही विहीर पिण्यासाठी बंद करायची, असं घरच्यांनी कबूल केलं आहे.